कॅम्पर व्हॅनमधील मुक्कामात सर्वांत नकोसे काय असते?

कोथरूडमध्ये राहणारे एक गृहस्थ पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेली आई अशा चौघांसाठी कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, घेण्याच्या विचारात आहेत. व्हिडिओंमध्ये सगळे छानच दिसते; तेव्हा या प्रकारातील सर्वांत नकोशा गोष्टी कोणत्या, हे कोणी अनुभवी माणसाने स्पष्ट सांगावे, असे त्यांनी लिहिले आहे. संडासाची टाकी रिकामी करणे हेच सर्वांत वाईट काम असते का, असेही त्यांनी विचारले आहे.

भोसरीत आमचा गाड्यांच्या अंतर्गत बांधणीचा छोटा कारखाना आहे. रुग्णवाहिका आणि व्हॅनिटी व्हॅन ही आमची नेहमीची कामे, कॅम्पर व्हॅन वर्षाला दोन-तीन होतात. आमची स्वतःची गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली असून गेली नऊ वर्षे आम्ही दोघे ती वापरत आहोत. त्यामुळे तक्रारी मी दोन्ही बाजूंनी ऐकलेल्या आहेत: गिऱ्हाईक म्हणून केलेल्या माझ्या आणि कारागीर म्हणून ऐकून घेतलेल्या इतरांच्या.

आपल्या प्रश्नाचा मला लागलेला अर्थ असा, की गाडीतील कष्टांमुळे सहलीची मजा निघून जाईल का आणि ते कष्ट घरातील कोणाच्या वाट्याला येतील, हे आपल्याला पैसे भरण्याआधी जाणून घ्यायचे आहे. घरी महापालिका पाणी देते आणि सांडपाणीही तीच नेते, वीज महावितरणची असते, घंटागाडी दाराशी येते आणि भांड्यांना बाई असतात. यांपैकी कोणाचेच काम एरवी आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. गाडीत मुक्कामाला गेलो, की आपण एका छोट्या महापालिकेचे आयुक्तही होतो आणि सफाई कर्मचारीही. हा बोजा किती जाणवेल, हे ऋतू, माणसे आणि ठिकाण यांवर अवलंबून आहे. डिसेंबरमध्ये देशावर दोघेच जण दोन रात्रींसाठी गेलात तर मी पुढे लिहिणार आहे त्यातील निम्मे आपल्याला खोटे वाटेल, आणि मे महिन्यात कोकणात चौघे जण पाच रात्री राहिलात तर मी हातचे राखून लिहिले असे वाटेल.

आधी संडासाविषयी, कारण सगळे तेच विचारतात. आपण पाहता त्या अमेरिकी व्हिडिओंमध्ये गाडीखाली मैल्याची मोठी टाकी असते आणि मुक्कामाच्या जागी पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या मिळतात. जाड नळी लावली, झडप उघडली, की काम संपते. आपल्याकडे अशी सोय जवळजवळ नाही. म्हणून मी गिऱ्हाइकांना कॅसेटचा संडास सुचवते. त्यात आसनाखाली साधारण 18 ते 20 लिटरची बंद पेटी असते, ती बाहेरच्या दारातून ओढून काढायची आणि एखाद्या संडासात नेऊन ओतायची. दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते. चौघांना, त्यातही रात्री दोनदा उठणाऱ्या वडीलधाऱ्या असतील तर, जेमतेम दीड दिवस. भरलेली पेटी वीस किलोंच्या आसपास जाते आणि ती उचलून कोणाच्या तरी अंगणातून, लोकांच्या नजरेसमोरून न्यावी लागते. खरे सांगायचे तर वासापेक्षा तो संकोचच अधिक नकोसा असतो.

ओतण्याचीही एक रीत आहे. पेटीची तोटी बाहेर वळवायची, झाकण काढायचे आणि पेटी तिरकी करताना हवेचे बटण अंगठ्याने दाबून धरायचे. बटण दाबायचे राहिले तर आत हवा जात नाही, मग मैला गचके देत भसाभस पडतो आणि पायांवर उडतो. दुसरी खबरदारी मी अनुभवातून शिकले. पुण्याची उंची सुमारे 560 मीटर आणि महाबळेश्वरची सुमारे 1,350 मीटर. खाली घट्ट बंद केलेल्या पेटीतील हवा वर पोहोचेपर्यंत बाहेर पडायला धडपडत असते. पहिल्या वर्षी पसरणीचा घाट चढून गेल्यावर मी पेटीची झडप सरळ उघडली आणि त्यानंतरचा अर्धा तास मी बादली, फिनेल आणि स्वतःची अक्कल यांच्या सहवासात घालवला. तेव्हापासून आमच्याकडे घाटाच्या पायथ्याशी पेटी रिकामी होते आणि वर गेल्यावर हवेचे बटण आधी दाबले जाते. पेटीत टाकायचे निळे औषध फॉर्माल्डिहाइडचे असेल तर ते खेड्यातील सेप्टिक टाकीत ओतू नये, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. जैविक प्रकारचे औषध घ्यावे. आणि ओढ्यात, शेतात किंवा रस्त्याच्या कडेला ओतण्याचा विचारही करू नये. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणीही याला अपवाद नाही.

एवढे लिहूनही माझ्या मते हे काम नकोशा गोष्टींत दुसऱ्या क्रमांकावरच राहते, कारण ते दहा मिनिटांत संपते आणि केव्हा करायचे ते आधी ठाऊक असते. पहिला क्रमांक मी संध्याकाळी मुक्कामाची जागा शोधण्याला देईन.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, पण प्रवासात आजही आपला आधार म्हणजे ओळखीचे कृषी पर्यटन केंद्र, एमटीडीसीच्या निवासाचे आवार, देवस्थानचे भक्तनिवास, एखादा सज्जन ढाबेवाला किंवा पेट्रोल पंप. धरणाच्या पाण्याकाठची मोकळी जागा सरकारी असते, वनखात्याच्या हद्दीत रात्री थांबू देत नाहीत आणि वाळूवर गाडी घालणे बेकायदेशीर नसेल तेथेही शहाणपणाचे नसते. जागा मिळते, पण ती विचारून, समजावून आणि बहुधा अंधार पडल्यावर मिळते.

दिवेआगरजवळची एक रात्र मी विसरलेले नाही. फोनवर मालकांनी "या हो, भरपूर जागा आहे" असे सांगितले होते, आणि जागा खरोखरच भरपूर होती, फक्त तिच्या तोंडाशी आठ फुटांची कमान होती. आमची गाडी छपरावरचा एसी धरून सव्वानऊ फूट उंच. मागे वळायला वाव नाही, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर विजेची लोंबती तार. माझे पती टॉर्च घेऊन मागे उभे, मी चाकावर, आणि गल्लीतील तिघे जण तीन वेगवेगळ्या दिशांना हात करून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते. ती दीडशे फुटांची गल्ली उलटी पार करायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली. लग्नाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती आणि त्या चाळीस मिनिटांत आम्ही ती सगळी उकरून काढली.

त्या रात्रीनंतर, मुक्कामाची जागा गाठायची असेल तर आम्ही दुपारी चारनंतर गाडी चालवत नाही. निघण्याआधी फोनवर "जागा आहे का?" असे मोघम न विचारता, फाटकाची उंची किती, आत उतार आहे का, पंधरा अँपिअरचा प्लग गाडीपासून किती लांब आणि संडास वापरू द्याल का, एवढे चारच प्रश्न मी विचारते. पलीकडचा माणूस "बघू, आल्यावर करू" म्हणाला तर दुसरे ठिकाण शोधते.

जागा मिळाल्यावरही काम संपत नाही. डोळ्यांना सपाट वाटणारे अंगण सपाट नसते; रात्री डोक्याकडची बाजू खाली राहिली तर झोप लागत नाही आणि सिंकमधले पाणी कोपऱ्यात साचून राहते. आम्ही ओट्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवतो. त्यानंतर वीज. खेड्यातील प्लगला अर्थिंग असेलच असे गृहीत धरू नका. गाडीचे सगळे अंग पत्र्याचे असते. अर्थिंग नसताना आतील एखाद्या उपकरणातून गळती झाली, तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दाराच्या कडीला हात लावणाऱ्याला झटका बसतो. हात लावल्यावर नुसती चुणचुण जाणवली तरी तेथेच थांबून प्लग काढावा. आमच्या कारखान्यातून आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय आणि तपासणी झाल्याशिवाय एकही गाडी बाहेर जात नाही. पुण्यात तपकीर गल्लीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळणारे प्लग तपासण्याचे यंत्र मी गाडीतच ठेवते, आणि बाहेरच्या विजेची वायर जोडण्याआधी ते लावून पाहते.

आता उकाडा आणि ओल. विक्रेते एसी दाखवतात, पण तो किती वेळ चालेल हे सांगत नाहीत. 12 व्होल्ट आणि 200 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सुमारे 2.4 युनिट वीज साठते. एक टनाचा एसी चालू असताना साधारण एक किलोवॉट किंवा थोडी अधिक वीज घेतो. म्हणजे बाहेरची जोडणी नसेल तर दोन-अडीच तासांत बॅटरी संपते आणि रात्री एक वाजता चौघेही जागे होतात. छतावरचे सौर पॅनेल दिवसा हातभार लावतात, पावसाळी ढगांत मात्र त्यांच्याकडून फारशी आशा ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात रात्रीही घामाच्या धारा लागतात, खिडकी उघडली तर डास येतात आणि जाळी लावली तर वारा अडतो. यावर माझ्याकडे उपाय नाही. आम्ही त्या दोन महिन्यांत कोकणात गाडी नेत नाही, एवढेच.

थंडीत याच्या उलट घडते. खिडक्या बंद करून चौघे झोपले, की श्वासातून बाहेर पडणारी वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे थेंब थेंब अंथरुणावर पडतात. त्यात गॅसची भर पडते: एक किलो एलपीजी जळला, की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गादीखालची प्लायवूडची फळी ओली राहते आणि महिनाभराने गादी उचलली, तर खाली काळ्या बुरशीचा नकाशा दिसतो. दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्यांचे दुखणे हेच असते. फळीला भोके पाडून घ्यावीत, स्वयंपाक शक्यतो बाहेर चांदणीखाली (गाडीला लावलेल्या कापडी छपराखाली) करावा, आणि आत गॅस पेटवायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूने बाहेर उघडणारे भोक असलेच पाहिजे. पुढच्या बाजूला छान जाळी बसवून ते भोक विसरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पाणी भरणे हे कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. गावातील नळाला आटे नसतात, त्यामुळे विकतचे जोड उपयोगी पडत नाहीत. रबरी पाइप, क्लॅम्प आणि मोठे नरसाळे जवळ असू द्यावे. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी टाकीत घेण्याआधी जिभेवर घेऊन पाहावे. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन, हे घाट उतरताना ब्रेकला कळते.

घाटांविषयी थोडेच लिहिते, कारण सरावाने ते अंगवळणी पडते. पावसाळ्यात वरंध घाट जड वाहनांना अनेकदा बंद असतो, ताम्हिणीत धुके उतरले की वळणे दिसत नाहीत आणि ओहोटीच्या वेळी जंगलजेटीवर (खाडीपार गाड्या नेणाऱ्या बोटीवर) चढताना फळीचा उतार इतका तीव्र होतो, की गाडीचा मागचा भाग जमिनीला घासतो. भरतीची वेळ बघून गेलेले बरे. मात्र न रंगवलेल्या गतिरोधकांची सवय नऊ वर्षांत मला झालेली नाही. प्रत्येक गतिरोधकावर मागच्या सगळ्या खणांतील भांडी एकदम बोलतात. ताटांमध्ये जुन्या साडीचे तुकडे घालून ठेवावेत, लोणचे काचेच्या बरणीतून नेऊ नये आणि प्रवासाला निघण्यापूर्वी गोडेतेलाच्या बाटलीचे झाकण स्वतःच्या हाताने तपासावे. कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे सांडलेल्या अर्ध्या लिटर शेंगदाणा तेलाचा वास आमच्या गाडीला पुढे पूर्ण पावसाळाभर येत होता.

परतण्याचा दिवस कोणत्याच व्हिडिओत नसतो. रविवारी रात्री नऊ वाजता चांदणी चौकात पोहोचल्यावर आपल्याला आंघोळ करून झोपायचे असते, आणि गाडीला मात्र पेटी धुऊन हवी असते, सांडपाण्याची टाकी रिकामी हवी असते, फ्रीज पुसून त्याचे दार उघडे ठेवलेले हवे असते, वाळू झाडायची असते आणि चार जणांच्या चादरी काढायच्या असतात. आम्हाला यासाठी दोन तास लागतात. हे काम सोमवारवर ढकलले, तर पुढच्या शनिवारी दार उघडवत नाही. शिवाय गाडी ठेवायची कोठे, हा प्रश्न आहेच. सोसायटीतील गाडीची जागा साधारण पाच मीटर लांब असते आणि अशी गाडी सहा मीटरच्या आसपास जाते; कोथरूडमधील रस्त्यावर ती कायमची उभी करणे आपल्यालाही नको आणि शेजाऱ्यांनाही नको. बहुतेक जण शेवटी सूस किंवा बावधनच्या बाजूला मासिक भाड्याने जागा घेतात. तेथे महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात.

आपण जुनी गाडी घेऊन स्थानिक कारागिराकडून आतील काम करून घेण्याचा विचार करीत असाल, तर कागदपत्रांचा त्रासही हिशेबात धरा. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलापेक्षा वेगळे फेरबदल परस्पर करता येत नाहीत, आणि मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. कारागीर "काही होत नाही हो" म्हणतो, पण अपघात झाल्यावर विमा कंपनीपुढे तो उभा राहणार नसतो.

आपल्या चौघांपुरता क्रम लावायचा झाला, तर मात्र मी वर लिहिलेला क्रम बदलेन. आपल्या बाबतीत सर्वांत नकोशी गोष्ट रात्रीची मांडामांड ठरेल. सहा मीटरच्या गाडीत चालकाची बाजू सोडून सत्तर-पंच्याहत्तर चौरस फूट जागा उरते. दिवसा जेथे बसतो तेच मेज खाली उतरवून, वर गाद्या जोडून रात्री बिछाना होतो. यात पंधरा-वीस मिनिटे जातात आणि तेवढा वेळ उरलेल्यांना बाहेर उभे राहावे लागते. पाऊस असेल तर छत्री घेऊन. आपल्या आईंना नऊ वाजता आडवे व्हायचे असेल आणि मुलीला दहापर्यंत पत्ते खेळायचे असतील, तर रोज कोणाला तरी मन मारावे लागेल. रात्री आई संडासाला उठल्या तर त्यांना नातीचे पाय ओलांडून जावे लागेल, तेही अंधारात आणि गुडघे दुखत असताना. या संकोचापायी वडीलधारी माणसे संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, हे मी एकाहून अधिक कुटुंबांत पाहिले आहे, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

म्हणून लगेच गाडी विकत न घेता आधी तशीच गाडी तीन रात्रींसाठी भाड्याने घ्या, आणि ती जुलैत घ्या. भंडारदरा किंवा मुळशीच्या बाजूला पावसात तीन रात्री निभावल्या, तर पुढचे सगळे सोपे आहे. निघण्याआधी पेटी कोण ओतणार, बिछाना कोण घालणार आणि परतल्यावर धुणार कोण, हे ठरवून घ्या. "आपण सगळे मिळून करू" असे ठरले, तर माझ्या अनुभवात ते घरातील एकाच बाईवर येते. आईंसाठी एका रात्री शेजारच्या निवासात खोली घ्या आणि दुसऱ्या रात्री त्यांना गाडीत झोपवा, म्हणजे दोन्हींची तुलना त्यांना स्वतःला करता येईल. गाडी पाहायला जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या आणि मोजपट्टीही न्या. जमिनीपासून पहिल्या पायरीची उंची बहुतेक गाड्यांत सव्वा ते दीड फूट असते, त्यांच्या गुडघ्यांना आठ इंचांची लागेल. सरकती जादा पायरी आणि दाराच्या आत दोन्ही हातांना धरता येतील असे दांडे नंतरही बसवता येतात. पलंगापासून संडासाचे दार किती पावलांवर आहे, ते मात्र नंतर बदलता येत नाही.